डिंभ्याचा मुराळी

सार्थकने बापाकडून, कुंडलिककडून, महिनाभर उजळणी करून घेतली होती. विमानतळावर काचेमागे साहेब बसलेला असेल. तो विचारील, कशाला आलात, तर म्हणायचं 'सिस्टर'. किती दिवस, तर म्हणायचं 'फिफ्टीन'. बाकी काही विचारलं तर परतीच्या तिकिटाचा कागद पुढे करायचा आणि तोंड मिटून उभं राहायचं. कुंडलिकने हे दोन शब्द गाईला पाणी पाजताना, दाढी करताना, डिंभ्याच्या फाट्यावर न येणाऱ्या एसटीची वाट बघताना इतक्या वेळा घोकले, की फाट्यावरची मंडळी त्याला 'या सिस्टर' म्हणू लागली. चौसष्ट वर्षांच्या माणसाची अशी थट्टा करू नये, पण हे डिंभ्यात कोणाला सांगणार.

एवढं करून हॅम्बुर्गच्या विमानतळावर त्या गोऱ्या साहेबाने पासपोर्टवरून नजर वर उचलली आणि कुंडलिकच्या डोक्यातली पाटी कोरी झाली. दोन विमानं झाली होती, रात्रभर डोळ्याला डोळा नव्हता, पोटात धड चहा नव्हता. साहेबाने काहीतरी विचारलं. कुंडलिकच्या मनात होतं तेच तोंडातून बाहेर पडलं.

"मुराळी," तो म्हणाला.

साहेबाने पुन्हा विचारलं. कुंडलिकने छातीवर हात ठेवून पुन्हा 'मुराळी' म्हटलं, मग बाहेरच्या दाराकडे बोट करून 'सिस्टर' म्हटलं. साहेबाला वाटलं असेल, बहिणीचं नाव मुराळी. त्याने कागद चाळले, शिक्का मारला आणि मान हलवली.

सासरी असलेल्या बहिणीला माहेरी न्यायला जो भाऊ जातो तो मुराळी, हे त्या साहेबाला माहीत असायचं काही कारण नव्हतं. आता आपल्याकडच्या पोरींनाही ते ठाऊक नसतं. त्या मोबाइलवर गाडी बोलावतात आणि माहेरी जातात. पण कुंडलिकच्या तरुणपणी पंचमीला नाहीतर दिवाळीला भाऊ दारात येऊन उभा राहिल्याशिवाय सासुरवाशीण उंबरा ओलांडत नसे. धाकट्या बहिणीला, प्रयागला, आणायला घोडेगावला दरवेळी तोच जायचा. आता तिला न्यायला तो जर्मनीत आला होता. त्या एका शब्दाने शिक्का मिळवून दिला. पुढे त्याच शब्दाने त्याला तोंडघशीही पाडलं, पण ते येईलच.

प्रयाग बाहेर कठड्याला धरून उभी होती. गुडघ्यापर्यंत कोट, पायात बूट, केस मानेवर कापलेले. कुंडलिक तिच्यासमोरून पुढे गेला तेव्हा तिने मागून 'दादा' म्हणून हाक मारली. तेवीस वर्षांत ती दोनदाच गावी आली होती, त्यालाही नऊ वर्षं झाली. तिने त्या सगळ्या गर्दीत वाकून त्याच्या पायाला हात लावला. साहेबाचा किस्सा ऐकल्यावर मात्र ती कठडा धरून हसली, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. किती वर्षांनी हा शब्द ऐकला, असं ती बसमध्येही दोनदा म्हणाली.

खरं तर कुंडलिक तिला चार दिवसांसाठी न्यायला आलाच नव्हता. तो तिला कायमची न्यायला आला होता. तिचा नवरा भगवंत इथल्या एका पंजाबी हॉटेलात आचारी होता. गेल्या वर्षी चैत्रात तो बसल्या जागी गेला. मूलबाळ नव्हतं. वर्षभर कुंडलिक फाट्यावर, सोसायटीत, देवळात, भेटेल त्याला सांगत होता की प्रयाग तिकडे एकटी पडली, तिला आणलं पाहिजे. मग त्याने पूर्वेकडच्या खोलीला रंग द्यायला काढला आणि शेजारच्या गेणभाऊला त्यावर लक्ष ठेवायला सांगून विमानात बसला. त्याची स्वतःची बायको तीन वर्षांमागे गेली होती, सार्थक बायकोपोरांसह चाकणला कंपनीत होता, आणि सहा खणांचं ते घर त्याला खायला उठत होतं. पण हे त्याने कोणालाच सांगितलं नव्हतं.

प्रयागचं घर तिसऱ्या मजल्यावर होतं. दीड खोली, खिडकीतून समोरच्या इमारतीची पाठ दिसायची. टेबलाला खुर्ची एकच होती. दुसरी तिने भगवंत गेल्यावर खाली रस्त्यावर नेऊन ठेवली, ती कोणीतरी उचलून नेली. पहिले दोन दिवस कुंडलिक आपल्या बॅगेवर बसून जेवला. तिसऱ्या दिवशी ती ज्या कपडे दुरुस्तीच्या दुकानात कामाला होती तिथून तिने एक घडीची खुर्ची मागून आणली. दुकान एका तुर्की बाईचं होतं. प्रयाग तिथे पँटी आखूड करायची, चेन बदलायची, अस्तरं लावायची.

त्या घरात आवाजच नव्हता. शेजारच्या दाराचं कुलूप वाजलं की प्रयाग हातातली लाटी तशीच धरून ऐकत राहायची, आणि पावलं जिन्यावरून उतरून गेली की पुन्हा कामाला लागायची. शेजारी कोण राहतं, कुंडलिकने विचारलं. अकरा वर्षं एकच बाई राहते, तिला कुत्रं आहे, एवढंच तिला सांगता आलं. ती जी मराठी बोलायची ती मात्र कुंडलिकलाही विसरायला झाली होती. इकडे डिंभ्यात तो आता किचन आणि टेन्शन म्हणायचा. प्रयागच्या तोंडी अजून रांधणघर आणि घोर होते. ती शेगडीपाशी पाठमोरी बोलत असली की त्याला आई बोलल्याचा भास व्हायचा.

पहिल्याच संध्याकाळी ती म्हणाली होती, "बरं झालं आलास, दादा. आता हितं माजं काय उरलंय?"

कुंडलिकला याहून जास्त काय हवं होतं. लगेच विषय काढावा असं त्याला वाटलं, पण तो थांबला. चार दिवस जाऊ द्यावेत, माणूस आपण होऊन तयार झालं की बरं, असा त्याने विचार केला. इथेच तो चुकला, पण आपण तरी दुसरं काय केलं असतं.

चौथ्या दिवशी तो म्हणाला, चल, तुझं शहर दाखव. प्रयागने आधी ओट्याचं फडकं धुतलं, पिळलं, वाळत घातलं. मग खाली बघत सांगितलं की तिला दाखवता येईल असं काही ठाऊकच नाही. तिला घर माहीत होतं, दुकान माहीत होतं, दवाखाना आणि भगवंतचं हॉटेल. चारही एकाच बसवर. भगवंतला सोमवारी सुट्टी असायची आणि तो दिवसभर झोपायचा. बाकीची सगळी बाहेरची कामं तोच करून यायचा. ज्या नदीमुळे हे शहर झालं ती नदी तिने तेवीस वर्षांत दोनदा पाहिली होती, दोन्ही वेळा आगगाडीच्या खिडकीतून.

सांगताना तिला लाज वाटत होती. कुंडलिकला वाईट वाटलं, आणि खोटं कशाला बोला, आत कुठेतरी बरंही वाटलं. जिथे माणसाचं काहीच नाही तिथून त्याला उठवायला किती वेळ लागतो?

"मंग चल," तो म्हणाला. "दोघं बी नवं हाओत. हरवलो तर संगंच हरवू."

आणि ते हरवले. पहिल्या दिवशी उलट्या दिशेच्या गाडीत बसून शेवटच्या स्टेशनपर्यंत गेले. तिथे एक तळं, दोन गाई आणि एक बंद दुकान होतं. कुंडलिकने गाई बघून घेतल्या, एकीच्या कासेला मस्टायटिस असावा असं निदान केलं, आणि दोघं परत फिरले. दुसऱ्या दिवशी ते बरोबर उतरले पण चुकीच्या दाराने बाहेर पडले. कुंडलिकला वाटेत जो भेटेल तो 'मोईन' म्हणायचा. सकाळी मोईन, दुपारी मोईन, बसचा ड्रायव्हर मोईन. जुन्नरला मोटर वाइंडिंगवाला एक मोईन कुंडलिकच्या ओळखीचा होता, त्याला अख्खं शहर शोधतंय की काय असं त्याने विचारलं. प्रयाग म्हणाली, तो इथला रामराम आहे. मग कुंडलिकने हात जोडून सगळ्यांना मोईन घालायला सुरुवात केली, आणि लोक खरोखर थांबून हसायचे. तिच्याकडे बघून कोणी इतक्या वर्षांत हसलं नव्हतं, असं प्रयाग त्या दिवशी म्हणाली. मग थोड्या वेळाने म्हणाली की आपणच कधी मोईन म्हटलं नव्हतं.

नदीवर बसच्याच तिकिटात बोट मिळते हे कळल्यावर ते रोज बोटीत बसू लागले. कुंडलिक आधी चढायचा, खिडकीशी बसायचा आणि शेजारच्या जागेवर प्रयागसाठी आपली टोपी ठेवायचा. एसटीत जन्म गेलेला माणूस, दुसरं काय करणार. पण तिथे टोपी ठेवल्याने जागा धरली जाते हे कोणाला माहीत? एका म्हाताऱ्या बाईने ती उचलून त्याच्या हातात दिली, विसरलात म्हणून. त्याने पुन्हा ठेवली. तिने पुन्हा दिली. तिसऱ्यांदा प्रयागने पुढे येऊन त्या बाईला त्यांच्या भाषेत काहीतरी सांगितलं, लांबलचक सांगितलं, आणि ती बाई हसून सरकून बसली. प्रयागने जागेवर बसून टोपी मांडीवर घेतली. तेवीस वर्षं तिने ती भाषा किती इंच कमी करू आणि गुरुवारी या, एवढ्यापुरतीच वापरली होती. इतकं सगळं आपल्याला बोलता येतं हे तिलाच माहीत नव्हतं.

त्यानंतर नकाशा तिच्या हातात गेला. लाल विटांची जुनी गोदामं होती, पाण्यातूनच वर आलेली, पूर्वी तिथे कॉफी आणि मसाले उतरायचे. ती तिने शोधून काढली. शहराच्या मधोमध तळं होतं, त्यात हंस होते. कुंडलिकला ते तळं आपल्या धरणापुढे डबकं वाटलं, पण तसं तो बोलला नाही. तळ्याकाठी बाकांवर माणसं बसलेली होती आणि एका बाकावर एकच माणूस होता. पुढच्या बाकावर एक, त्याच्या पुढच्या बाकावर एक. डिंभ्यात पारावर कोणी एकटं टेकलं तर दहा मिनिटांत चौघे येऊन काय झालं विचारतात.

"हितं कोणी कोणाला सरक म्हनत न्हाई," प्रयाग म्हणाली. आधी आपल्याला याचं रडू यायचं, असंही तिने सांगितलं. आता येत नाही का, हे कुंडलिकने विचारलं नाही. त्याला भीती वाटली.

मे महिन्याचे दिवस होते. रात्रीचे नऊ वाजले तरी उजेड सरायचा नाही. प्रयाग दमून लवकर झोपायची, आणि कुंडलिक खिडकीपाशी बसून समोरच्या इमारतीच्या पाठीकडे बघायचा. समोरच्या खिडक्यांतही एकेक माणूस बसलेला दिसायचा. एकदा त्याला गेणभाऊला फोन करावासा वाटला, पण डिंभ्यात तेव्हा मध्यरात्र उलटून गेली होती. इथे आपण बहिणीपासून चार हातांवर बसलो आहोत आणि तरी एकटेच आहोत, हे त्याला फार जाणवायचं. मग तो स्वतःला समजवायचा की घरी गेल्यावर सगळं ठीक होईल. प्रयाग पूर्वेच्या खोलीत असेल, सकाळी तिच्या बांगड्यांचा नाहीतर कपबशीचा आवाज येईल, आणि आपण मुद्दाम थोडा वेळ अंथरुणात पडून राहू.

नवव्या रात्री कुंडलिकने शेवटी विचारलं, घरी येतेस ना, आणि ती हो म्हणाली. दहाव्या दिवशी त्याला रस्त्यात थांबवून प्रयाग दुकानात जाऊन आली. मालकिणीशी बोलले, ती म्हणाली, भावासंगं गावी जाते म्हणून सांगितलं, बाईने कागदावर लिहूनही दिलं. तिकीट उद्यापरवा काढू.  कुंडलिकने तिथेच, रस्त्यात उभं राहून, गेणभाऊला फोन लावला आणि प्रयाग येत असल्याचं सांगितलं. गेणभाऊने फाट्यावर सांगितलं. तासाभरात सार्थकचाही फोन आला. कुंडलिकने त्या संध्याकाळी तीन भाकरी खाल्ल्या.

दुसऱ्या दिवशी प्रयाग म्हणाली, आज तुला एक गंमत दाखवते. नदीकाठी घुमटाची एक इमारत होती. आत खोलीएवढी मोठी लिफ्ट, पूर्वी तीत गाड्या न्यायचे. लिफ्ट खाली खाली गेली आणि दार उघडलं तर समोर लांबच लांब भुयार, पांढऱ्या फरशा बसवलेलं, मधून सायकली जातायत. नदीच्या खालून पलीकडच्या काठाला जायचा तो रस्ता होता. वरून जहाजं जात होती. कुंडलिक अर्धं आयुष्य धरणाकाठी राहिलेला माणूस. त्याचं जुनं घर, प्रयाग ज्या घरातून सासरी गेली ते, धरणात गेलेलं. पाण्याखाली काय काय असतं हे त्याला कोणी सांगायला नको होतं. पण पाण्याखालून माणूस कोरड्या पायांनी चालत जातो, हे त्याला भारीच वाटलं. तो फरशांना हात लावून बघत होता, कुठे गळतंय का ते. तो इतका खूश होता की त्याच्या तोंडाला कुलूपच राहिलं नाही. घरी गेल्यावर तुला सगळं नवं दिसेल, तो सांगत सुटला. पूर्वेच्या खोलीला आकाशी रंग दिलाय. खिडकीतून धरणाचं पाणी दिसतं. पलंग आणलाय. घोडेगावच्या सुताराकडून सागवानी कपाटही करून घेतलंय, आरशासकट, कुलपाचं.

प्रयाग चालता चालता थांबली. मागून सायकलची घंटी वाजली तेव्हा ती भिंतीशी झाली.

"दादा, माहेरवाशिणीला कपाट कशाला?" ती म्हणाली. "ती पिशवी खुंटीला अडकवती, आन् निघायच्या दिशी उचलती."

 भुयारात त्यांच्या पावलांचा आवाज तेवढा येत राहिला. पलीकडच्या काठाला वर आल्यावर समोर सगळं शहर दिसत होतं, मनोरे, बोटी, ऊन. दोघांनी ते नीट पाहिलंसुद्धा नाही. बोटीत कुंडलिकने टोपी डोक्यावरच ठेवली.

घरी आल्यावर प्रयागने तो दुकानातला कागद त्याच्यासमोर ठेवला. त्यावर तारखा होत्या. बारा दिवसांची रजा.

तू विमानतळावरच म्हणालास की मुराळी म्हणून आलो, ती सांगू लागली. मुराळी नेतो तो परत आणून घालायच्या बोलीवर नेतो. त्या बोलीवर मी हो म्हटलं. कुंडलिक चिडला. असल्या शब्दावर कोणी आयुष्याचे व्यवहार करतं का, असं त्याने विचारलं. गावाला आता काय सांगू, गेणभाऊने फाट्यावर सांगितलंय, सगळे येतील तुला बघायला. आणि तू इथे करणार काय? आजारी पडलीस तर पाणी कोण देणार? पहिल्या दिवशी तूच म्हणालीस ना, माझं इथे काय उरलंय? प्रयागने ते सगळं ऐकून घेतलं.

"म्हनले व्हते," ती म्हणाली. "तवा न्हाईच व्हतं काय. तू नुसता फोन करून ये म्हनला असतास, तर मी आले असते, दादा. बॅग काढून पुसून ठेवली व्हती. पन तू आलास, आन् मला माजं गाव दावलंस."

कुंडलिक तिच्याकडे बघत राहिला. आठ दिवस तो तिला शहरातून काढायला म्हणून शहरभर हिंडवत होता, आणि ती रोज एकेक रस्ता, एकेक धक्का घरी घेऊन येत होती. आपल्याच पायावर आपण धोंडा मारून घेतला, हे त्याला कळलं. तिला इथे सुख होतं असं नाही. एकटी ती होतीच, उद्याही राहणार होती, पण ते एकटेपण तिने आता ओळखीचं करून घेतलं होतं आणि ते सोडून दुसऱ्याच्या घरातलं एकटेपण तिला नको होतं. तिने तसं सांगितलंही. तुझ्या घरात मी कुंडलिकअण्णाची रांडाव बहीण, सुनेचा पाय घरात पडला की कोपऱ्यात सरकायचं. इथे मला कोणी सरक म्हणत नाही, आणि ये पण म्हणत नाही. पण दाराची किल्ली माझी आहे.

मग तिने विचारलं, आणि हळूच विचारलं, "खरं सांग. कपाट कोणासाठी केलंस?"

तुझ्यासाठीच, असं म्हणायला त्याने तोंड उघडलं. ते निघालं नाही.

"घरात बोलायला कोण न्हाई गं," तो म्हणाला. "समदी मला अण्णा म्हनत्यात. दादा म्हननारी तू एकलीच राह्यलीस."

त्याला रडू आलं. घडीच्या त्या खुर्चीवर बसून, टोपी तोंडाला लावून तो रडला. प्रयागही रडली. तिने उठून त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि बराच वेळ काढला नाही. पण तिचं मन बदललं नव्हतं, आणि हे त्याला त्या हातावरूनच कळलं.

जेवायच्या वेळी तिने मासवड्या केल्या आणि त्यावर काळा रस्सा. त्यासाठीचा मसाला कुंडलिकनेच आणला होता. बाहेर लख्ख उजेड होता.  मग कुंडलिकने घसा साफ केला. घोडेगावला जायचा तेव्हा तो प्रयागच्या सासऱ्यासमोर अशीच घासाघीस करायचा. सासरा पाच दिवस म्हणायचा, हा पंधरा मागायचा, मधेच चहा यायचा, आणि शेवटी कुठेतरी आठ-नऊवर मिटायचं. आता सासरा नव्हता, नवरा नव्हता. तिला पाठवणारं माणूस ती स्वतःच होती.

"बारा दिवसांत काय व्हतंय," तो म्हणाला. "चार तर येण्याजाण्यातच जात्यात. महिनाभर तरी ऱ्हा."

"दुकानात दुसरं मानूस न्हाई."

"मंग वीस."

प्रयागने त्याच्या ताटात रस्सा वाढला. मालकीणबाईला विचारावं लागेल, दोन दिवस फार तर वाढवून देईल, असं ती म्हणाली. चौदा. चौदाच्या वर नाही.

"चौदा," कुंडलिक म्हणाला. त्याला एकदम काहीतरी जिंकल्यासारखं वाटलं. जिला जन्मभरासाठी न्यायला आला होता तिचे त्याने चौदा दिवस मिळवले होते, आणि तेवढ्यावर त्याचा जीव खरोखर हरखला होता. हे लक्षात आल्यावर त्याच्या हातातला घास थांबला.

"आन् परत आनून घालायला कोन येनार?" प्रयागने विचारलं. हा प्रश्न तिने हसत विचारला, पण मधेच तिचं हसू गेलं.

"मीच की," कुंडलिक म्हणाला. "मुराळ्यानं आनून नको घालाया?"

त्याच्या पासपोर्टात लावलेल्या कागदावर एकदाच आत यायची परवानगी होती. सार्थकने ती ओळ त्याला चार वेळा समजावली होती, आणि कागदपत्रं प्रयागनेच पाठवली असल्याने तिलाही ती पाठ होती.

"बरं," ती म्हणाली. तिने त्याला आणखी अर्धी भाकरी वाढली. पोट भरलं होतं, पण त्याने ती नको म्हटलं नाही.